सीआरओचा दहावा

सावखारच्या खाडीवरच्या इंजिनियरिंग कॉलेजात शुक्रवारचा शेवटचा तास झोपेचा असायचा. पोरं नुसत्या डुलक्या घेत नसत, रीतसर झोपत. दोघीतिघी घरून शाल आणत, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा तर उशी आणायचा, तीही दर आठवड्याला अभ्रा धुऊन. तास मधुवंतीमॅडमचा, विषय पर्यावरणाची नीती. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला तो सक्तीचा होता, पण त्याला मार्क नव्हते. आणि ज्याला मार्क नाहीत त्याच्यासाठी डोळे उघडे ठेवायचे कशाला, असा पोरांचा साधा विचार.

मधुवंती आक्षीच्या वाडीतली. नारळी-पोफळीत वाढली, झाडाझुडपांचं शिकली, आणि नोकरी लागली ती यंत्रवाल्यांना नीती शिकवायची. पण बाई हट्टी. झोपलेल्या वर्गालाही ती रंगून शिकवायची, आणि दर तासाला फळ्यावर एकच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहायची: फेकून दिलं, म्हणजे कुठे दिलं?

उत्तर झोपेतसुद्धा सगळ्यांना ठाऊक होतं. खाजणात. बांधापलीकडे तिवरांचं खाजण होतं. भरतीला पाणी आत यायचं, ओहोटीला चिखल उरायचा, आणि गावाला, कॉलेजला, येणाऱ्या-जाणाऱ्याला जे जे नकोसं व्हायचं ते तिथे जायचं. तिथल्या चिंबोऱ्या, म्हणजे चिखलातले खेकडे, तर एवढ्या सुधारल्या होत्या की बोलायची सोय नाही. गावातल्या कृष्णाबाईने एकदा कालवणाला चिंबोऱ्या आणल्या, तर एकीच्या पाठीवर कीबोर्डचं 'एंटर'चं बटण घट्ट बसलेलं. कृष्णाबाईने ते सोडवून, धुऊन मुलाला दिलं. त्याच्या कॉम्प्युटरचं नेमकं तेच गेलं होतं.

तर या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक म्हातारा सीआरओ होता. सीआरओ म्हणजे जुन्या टीव्हीच्या धाकट्या भावासारखा डबा. समोर वाटीएवढा पडदा, आणि विजेची लाट कशी चालते ते त्यात हिरव्या रेघेने नाचत दिसतं. हा जपानातून आलेला, प्राचार्यांच्याही आधीचा. सगळे त्याला तात्या म्हणत. सावखारच्या पोरांनी समुद्राच्या लाटा जन्मापासून बघितलेल्या, पण लाट कळली ती तात्यामुळे.

एका सकाळी विपुलने तात्याच्याच बोर्डाला किटली लावून मॅगी करायला घेतली. फट् असा आवाज झाला आणि हिरवी रेघ गेली. प्राप्ती म्हणून वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती, तिने बटण दाबून बघितलं. थोपटून बघितलं. शेवटी वाकून "तात्या" अशी हाकही मारली. मग ती मागे सरली आणि म्हणाली, "गेला." सगळ्यांनी पटकन घड्याळाकडे बघितलं, कारण नंतर भटजी वेळ विचारतात. उघडून मात्र कोणी बघितलं नाही. गेलेल्या माणसाला कोणी उघडून बघतं का?

त्या शुक्रवारी विपुल जागा होता. एकतर किटलीचं पाप मनात, त्यात मॅगीही अर्धी कच्ची राहिलेली. हा विपुल रामचंद्रशेठचा मुलगा. पूर्वी त्यांची मिठागरं होती. मिठागरं गेली, आता दारात ट्रक आणि टेम्पो उभे असतात. मधुवंती नेहमीसारखी भिंतींना सांगत होती की यंत्र आयुष्यभर तुमच्यासाठी राबतं आणि बंद पडलं की तुम्ही त्याला चिखलात लोटता. घरातलं माणूस गेलं तर शेवटपर्यंत सगळं नीट करता ना? मग याचं कोणी करायचं?

विपुल उठून उभा राहिला. वर्गात कोणी आपणहून उभं राहण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे मधुवंतीच्या हातातला खडू खाली पडला.

"घरच्यांनी करायचं, मॅडम," विपुल म्हणाला आणि खाली बसला. मधुवंतीला वाटलं, एक तरी रोप धरलं. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते तिला कळलं असतं, तर तिने खडू उचलला नसता, रजा टाकली असती.

तिकडे प्राचार्य शरच्चंद्र यांच्या डोक्यात वेगळंच होतं. तपासणी समिती यायची होती, आणि प्रयोगशाळेमागची खोली मोडक्या यंत्रांनी छतापर्यंत भरली होती. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मधुवंतीला बोलावलं आणि सांगितलं की तुमच्या तासाला पोरं घोरतात ते माझ्या केबिनमध्ये ऐकू येतं, तेव्हा तो तास मी मुलाखतीच्या तयारीला देतोय. पनवेलहून एक गृहस्थ येणार, ते पोरांना हात कसा मिळवायचा ते शिकवणार. वर्षभर. उजवा हात आधी, आणि दम असेल तर नंतर डावा.

मधुवंती भांडली. म्हणाली, हात मिळवायला शिकवाल, पण त्या हातांनी काय करायचं ते कोण शिकवणार? प्राचार्य माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला वादाचा कंटाळा होता आणि पैजेची हौस होती. त्याने पैज सांगितली.

"उद्या पोरंच सगळं भंगार रामचंद्रशेठच्या टेम्पोत भरतील आणि खाजणात नेऊन टाकतील. तुम्ही बरोबर या, पण तोंड उघडायचं नाही. खूण नाही, खाकरणं नाही. तुमच्या शिकवण्याने एकाने जरी आपणहून एक डबा टेम्पोतून परत उतरवला, तर विषय राहील. नाही उतरवला, तर शुक्रवार हस्तांदोलनाचा."

मधुवंतीने रागाच्या भरात हो म्हटलं. घरी जाताना मात्र तिच्या लक्षात आलं: झोपलेल्या पोरांच्या भरवशावर तिने आपला विषय पणाला लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भरला. मॉनिटर, स्टॅबिलायझर, वायरींची भेंडोळी, पंख्यांची पाती, सगळं. पोरं निमूटपणे भरत होती. कुठे न्यायचं ते कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. मधुवंती ओढणीचं टोक दातात धरून बघत होती. एकच गोष्ट तिला खटकली. विपुल आणि प्राप्ती दिसत नव्हते, आणि तात्याही दिसत नव्हता.

प्राचार्य पुढे रामचंद्रशेठच्या शेजारी बसले, मधुवंती मागून स्कूटरवर, आणि पोरं त्यामागे चालत. टेम्पो बांधावर पोचला आणि थांबला, कारण बांधावर दहावा चालला होता.

पाट मांडला होता. पाटावर तात्या, त्याला झेंडूचा हार, पडद्यावर चंदनाचा टिळा. समोर भटजी, आणि भटजींपुढे विपुल, धोतर नेसून, उघड्या अंगाने, थंडीने कुडकुडत. तात्या जाऊन तो दहावा दिवस होता, आणि विपुलने घरच्यांचं करायचं ते करायला घेतलं होतं. भटजी आधी नाही म्हणाले होते. मग त्यांनी विचारलं, गोत्र काय? प्राप्तीने पाठीमागची पट्टी वाचून सांगितलं, जपान. भटजी म्हणाले, गोत्र माहीत नसलं की काश्यप धरतात, मग जपान्यांनाही धरायला हरकत नाही. केसांवरून थोडी घासाघीस झाली. त्याच संध्याकाळी विपुलच्या चुलतबहिणीची, हेमालीची हळद होती, आणि बिनकेसांचा भाऊ हळदीत नाचणार कसा? शेवटी तात्याला केस नव्हतेच, तेव्हा मिशीवर भागवायचं ठरलं. विपुलला मिशीही नीटशी फुटली नव्हती, पण जी होती ती गेली.

गाव लोटलं होतं, आणि सगळ्यांच्या पुढे सगुणाआजी. ही विपुलची आजी, रामचंद्रशेठची आई, अंगाने आडवी आणि आवाजाने उभी. ती बसली होती चिडून.

"हलदीचे दिवशी तुना योच धंदा सुचला काय रं?" ती नातवाला म्हणाली. "पिंड ठेवलास म्हंजे तू त्याचा पोर झालास. तू पोर झालास म्हंजे आमचे घरान सुतक. आता कावला शिवल्याबिगर हलद लागायची न्हाय, सांगून ठेवतंय."

म्हणजे प्रकरण तात्यापुरतं राहिलं नव्हतं. बांधाशेजारीच मांडव उभा होता, डीजेवाला बॉक्स लावून बसला होता, हेमाली कालपासून पार्लरमधून आली नव्हती, आणि सगळं एका कावळ्यावर अडलं होतं.

प्राचार्य खाली उतरले आणि म्हणाले, हा खेळ बाजूला घ्या, टेम्पो पुढे जाऊ द्या. सगुणाआजीने टेम्पोत वाकून बघितलं. आत मॉनिटर आणि स्टॅबिलायझर दाटीवाटीने बसले होते.

"यी सगली त्याची भावकी ना?" तिने विचारलं. "मंग मास्तर, भावकी दहाव्याला आलीय ती पान शिवायच्या आधी जाते कशी? बसूं दे त्यांना." आणि ती टेम्पोच्या समोर पाट ओढून बसली. रामचंद्रशेठने किल्ली काढून खिशात टाकली. आईपुढे टेम्पो घालण्यापेक्षा त्याने तो खाडीत घातला असता.

मधुवंतीच्या मनात आनंद उसळला, पण प्राचार्य तिच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "ही नीती नाही, मॅडम. ही कावळ्याची भीती आहे. डबा अजून टेम्पोतच आहे." ते खरं होतं. आणि तिला बोलायची बंदी होती.

केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवला. आता गेलेल्याच्या आवडीचं काहीतरी शेजारी लागतं. कोणाला भजी आवडतात, कोणाला विडी, कोणाला सुकट. तात्याला काय आवडायचं? पोरांत चर्चा झाली. कोणी म्हणालं त्याला शांतता आवडायची, कोणी म्हणालं सोमवार. शेवटी प्राप्ती म्हणाली की त्याला आयुष्यभर आवडला तो करंट. मग हळदीच्या मांडवातल्या जनरेटरवरून वायर ओढली, एक्स्टेन्शन बोर्ड पानात वाढला, आणि त्याचा लाल दिवा पिंडाशेजारी लुकलुकायला लागला. कावळ्याला कोरडं वाटू नये म्हणून सगुणाआजीने चार भजी ठेवली.

सावखारचे कावळे साधे नाहीत. एवढे दहावे त्यांनी बघितलेत की दुरूनच आडनाव ओळखतात. भजी शिळी असतील तर येतात, पण येऊन मान हलवून जातात. त्यातला एक म्हातारा, एक पाय किंचित उचलून चालणारा, बांधावरच्या करंजाच्या झाडावरून उतरला. गर्दी मागे सरली. कावळ्याने पिंडाभोवती एक फेरी मारली, एक्स्टेन्शन बोर्डाकडे तिरपं बघितलं, आणि टुणकन उडी मारून तो तात्याच्या डोक्यावर बसला. मग मागच्या बाजूला वाकला आणि तिथल्या एका काळ्या टोपणावर चोच मारायला लागला. टक, टक, टक.

"अरे पिंडाला शिव, त्याला नको," भटजी म्हणाले आणि उपरणं हलवलं. कावळा करंजावर गेला. थोड्या वेळाने परत आला. पुन्हा तात्याच्या पाठीवर. टक, टक, टक.

मग वचनं सुरू झाली. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत. विपुलने हात जोडून सांगितलं की तुझ्या बोर्डावर पुन्हा कधी मॅगी करणार नाही. कावळा हलला नाही. प्राप्ती म्हणाली, तुझ्यावर कापड घालायचं दर वेळी विसरले, आता घालीन. नाही. उशीवाला मुलगा पुढे आला आणि म्हणाला, मी मॅडमच्या तासाला झोपणार नाही. कावळ्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो स्वतःच म्हणाला, बरं, कमी झोपेन.

"मास्तर, तुमी घरातले कर्ते. तुमी बोला," सगुणाआजीने हुकूम सोडला.

प्राचार्यांनी टाय सारखा केला. कपाळावरचा घाम पुसून ते तात्याला म्हणाले की काळजी करू नकोस, तुझ्या जागी आम्ही नवा सीआरओ आणू, तुझ्यापेक्षा चांगला.

कावळ्याने पाठ फिरवली. भटजींनीसुद्धा खाली बघितलं.

"मेलेल्याला सांगता का," सगुणाआजी म्हणाली, "की दुसरी करीन, ती तुझ्यापेक्षा गोरी हाय म्हनून?"

ऊन चढलं. डीजेवाला येऊन येऊन विचारून जात होता. सगुणाआजी वेळ जावा म्हणून गावातले सगळे अडलेले दहावे सांगायला लागली. एक होता लाडू मागणारा, एक होती सुनेकडून माफी मागवून घेणारी. आणि सगळ्यात भारी विनेशचा. विनेश तिचा भाचा, ट्रकवर होता. गुजरातच्या बाजूला पूर आला, ट्रक वाहून गेला, विनेशही गेला म्हणून निरोप आला. घरच्यांनी दहावा मांडला. कावळा येतो, बघतो, जातो. येतो, बघतो, जातो. बायको केसर रडून रडून वचनं देतेय, माहेरी जाणार नाही, मोबाईल बघणार नाही. दुपार झाली, आणि विनेश स्वतः रिक्षातून उतरला. भूक लागली होती म्हणून आधी स्वतःच्या दहाव्याला जेवून घेतलं आणि म्हणाला, भज्यांत मीठ कमी हाय. केसरने दिलेली वचनं मात्र त्याने सोडली नाहीत, रिक्षातून उतरतानाच ऐकली होती.

लोक हसले. मधुवंतीही हसणार होती, तेवढ्यात कावळा पुन्हा उतरला आणि त्याच काळ्या टोपणावर टक, टक, टक.

मधुवंतीचं हसू तिथेच थांबलं. तिच्या वाडीत पाण्याचा पंप होता. तो दर पावसाळ्यात बंद पडायचा, वडील काही न बोलता एक काळं टोपण फिरवायचे, आतली काचेची नळी बदलायचे, आणि पंप सुरू. तिने तात्याच्या पाठीकडे बघितलं. टोपण अगदी तसंच होतं.

मेलेलाच नाही. तिच्या डोक्यात एवढंच वाजलं. कावळा पिंडाला शिवणार कसा, हा तर जिवंत आहे.

आणि तिला बोलता येत नव्हतं. ती बोलली की पैज गेली, विषय गेला, आणि वर्षानुवर्षं या बांधावरून पोरं हात मिळवत मिळवत डबे खाजणात टाकणार. तिने ओढणी तोंडात कोंबली. शब्द आतून ढुशा मारायला लागले. डोळ्यांत पाणी आलं, घशातून "उं, उं" असा आवाज निघाला. प्राचार्यांनी बोट वर केलं: खाकरणं नाही.

"बाईंचा जीव होता गं त्याच्यावर," मागून कृष्णाबाई हळहळली. दोन बायका धावल्या, पाणी आणलं. सगुणाआजीने तर मधुवंतीला उराशी धरलं आणि स्वतःही सूर लावला. मधुवंती मान हलवून नाही नाही म्हणत होती, तसा आजीचा सूर वाढत होता. त्या मिठीतून, आजीच्या काखेखालून, मधुवंतीने प्राप्तीकडे बघितलं. खूण केली नाही. नुसतं बघितलं.

प्राप्ती मात्र तिच्याकडे बघतच नव्हती. ती कावळ्याकडे बघत होती, भुवया जवळ आणून, जशी ती तात्याच्या पडद्याकडे बघायची.

"आजी," ती म्हणाली, "विनेशकाकांच्या वेळी कावळा का नाही शिवला?"

सगुणाआजीने रडणं थांबवलं. "का म्हंजे? जिता व्हता म्हनून."

सगळ्या माना तात्याकडे वळल्या. विपुल उठला, धोतर सावरत तात्याच्या मागे गेला. कावळा बाजूला सरकला, पण उडाला नाही. विपुलने दोन बोटांनी टोपण फिरवलं. आतून काचेची नळी निघाली, करंगळीच्या पेराएवढी, आतली तार जळून काळी पडलेली.

इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाने त्या नळीकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी एकदम जमिनीकडे बघितलं. इतके दिवस कोणी टोपण उघडलं नव्हतं. हार आणला, गोत्र शोधलं, मिशी काढली, पण टोपण उघडलं नव्हतं.

"फ्यूज," प्राप्ती पुटपुटली.

डीजेवाल्याने हे ऐकलं मात्र, तो मांडवात धावत गेला आणि स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज काढून घेऊन आला. सुतक उठत असेल तर तो किडनीही द्यायला तयार होता. प्राप्तीने त्यावरचा आकडा वाचून मान डोलावली. नळी बसवली. तात्याची वायर पानातल्या एक्स्टेन्शन बोर्डात घातली. क्षणभर काही नाही. मग टिळ्याच्या मागे एक हिरवा ठिपका आला, थरथरला, आणि लांब होत होत रेघ झाला.

भटजींनी पोथी मिटली आणि जिवंताला पिंड दिल्याबद्दल आधी तात्याची, मग कावळ्याची माफी मागितली. कावळ्याने सावकाश उतरून एक भजं उचललं. पिंडाला शिवलाच नाही. भजं ही त्याची मजुरी.

सगळं गाव ओरडत असताना प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. तेही खूश होते, पण समिती समितीच. ते म्हणाले की उत्तम झालं, तात्याला परत न्या, आणि आता बाकीचं तेवढं खाली टाकून मोकळे व्हा. सगुणाआजीनेही पाट उचलला. सुतक उठलं, तिची हळद सुटली, आता भावकीशी तिला देणंघेणं नव्हतं. रामचंद्रशेठने टेम्पो सुरू केला आणि मागे घेत घेत तोंड खाजणाकडे वळवलं.

मधुवंतीने डोळे मिटून घेतले. कावळा संपला, भीती संपली. आता फक्त पोरं उरली होती.

टेम्पोचा फाळका पडल्याचा आवाज आला. मग विपुलचा.

"सर, ह्यांना मेलेलं कोणी बघितलंय?"

"म्हणजे काय?" प्राचार्य म्हणाले.

"म्हणजे तात्याचं पण आपण असंच केलं होतं. गेला म्हटलं आणि गेला. ह्यांचं टोपण कोणी उघडलंय काय?"

"अरे, ते भंगार आहे. ठरलेलं आहे."

विपुलने धोतराचा काष्टा घट्ट खोवला. त्याला प्राचार्यांची भीती वाटायची, आणि उघड्या अंगाला वारा झोंबत होता. मग तो टेम्पोत चढला, सगळ्यात पुढचा मॉनिटर दोन्ही हातांनी धरला, छातीशी घेतला आणि खाली उतरवून पाटावर ठेवला, तात्याच्या शेजारी. "खात्री झाल्याबिगर मी नाय टाकणार," तो म्हणाला. "मार्क नसले तर नसूं दे."

प्राचार्यांनी मधुवंतीकडे बघितलं. तिने ओढणीने भरलेल्या तोंडाकडे बोट दाखवलं.

मग प्राप्तीने स्टॅबिलायझर उतरवला. उशीवाल्याने वायरींचं भेंडोळं ओढलं, त्यात स्वतःच गुंतला, पण उतरवलं. बघता बघता भावकी बांधावर ओळीने बसली. गावातल्या लोकांनी घराघरातून स्क्रू-ड्रायव्हर आणले. ज्याला स्क्रू-ड्रायव्हर नव्हता त्याने सुरी आणली. एक स्टॅबिलायझर जिवंत निघाला, एका पंख्याला नुसता कचरा अडकला होता. काही मात्र खरोखरच गेले होते, आतून जळून, गंजून. त्यांची टोपणं पोरांनी पुन्हा नीट बसवली.

"मॅडम," प्राप्तीने विचारलं, "हे खाजणात नाही टाकायचं, तर मग द्यायचं कुठे?"

वर्षभर फळ्यावर लिहिलेला प्रश्न पहिल्यांदाच उलट्या बाजूने आला होता. मधुवंतीने प्राचार्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "बोला. पैज तुमची."

मधुवंतीने तोंडातून ओढणी काढली आणि तोंड उघडलं. आवाजच फुटेना. सकाळपासून कोंबून कोंबून घसा बसला होता. सगुणाआजीने पाणी पाजलं, पाठीवर दोन धपाटे घातले, तेव्हा कुठे आवाज सुटला, आणि सुटला तो थांबेना. कुठला भाग कोण घेतं, रीतसर मोडणारे कुठे असतात, काच कुठे जाते, शिसं चिखलात गेलं की चिंबोरीतून आपल्याच ताटात कसं येतं, सगळं. बांधावरचा तो तास हळदीची वेळ होईपर्यंत चालला आणि कोणी झोपलं नाही. कृष्णाबाईने मध्येच विचारलं की एंटरचं बटण चाललं असतं का मग कालवणात. मधुवंतीने नाही सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा पडला.

टेम्पो त्या दिवशी खाजणाकडे गेला नाही. मेलेल्यांना घेऊन तो रीतसर मोडणाऱ्यांकडे गेला. प्राचार्य स्वतः पुढे बसले होते, कारण समितीच्या आधी कॉलेजात परत काही येऊ नये याची त्यांना खात्री हवी होती.

संध्याकाळी हळद लागली. पण त्याआधी आणखी एक झालं. मेला म्हणून ज्याचं सगळं झालं तो परत आला, तर त्याला नव्याने जन्माला घालावं लागतं असं सगुणाआजीचं म्हणणं पडलं. विनेशचंही बारसं केलं होतं, मिशीसकट पाळण्यात घालून. तेव्हा तात्याला मांडवात पाळण्यात ठेवलं आणि आजी नाव सांगायला वाकली. वाकली आणि अडली.

"याचा कान कुठला?"

प्राप्तीने पुढचं एक भोक दाखवलं आणि डीजेवाल्याचा माईक त्याला जोडून दिला. आजीने तोंड जवळ नेऊन नाव सांगितलं. काय सांगितलं ते कोणाला ऐकू आलं नाही, पण हिरवी रेघ उठली ती पार पडद्याच्या वरून गेली. मग डीजे सुरू झाला, तात्या पाळण्यातून त्याच्याबरोबर नाचला, आणि बिनमिशीचा विपुल तात्याबरोबर.

पुढच्या शुक्रवारी मधुवंती वर्गात आली तर दारापासून रांग. गावातल्या बायका मिक्सर, इस्त्र्या, रेडिओ घेऊन उभ्या होत्या आणि प्रत्येकीचा एकच प्रश्न, बघा जरा, गेलंय का अजून आहे. पोरं बाकांवर टोपणं उघडून बसली होती. खिडकीत तो म्हातारा कावळा, एक पाय उचलून. कोणी न बघताच 'गेलं' म्हणालं की चोचीने काचेवर टक, टक, टक करायचा.

पनवेलचे हस्तांदोलनवाले गृहस्थही येऊन गेले. त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि जाताना आपला बंद पडलेला ट्रिमर ठेवून गेले.

उशीवाला मुलगा तेवढा उशी घेऊनच आला होता. मधुवंतीने त्याच्याकडे बघितलं. त्याने उशी टेबलावर ठेवली, तात्याला उचलून अलगद तिच्यावर बसवलं, आणि आपल्या जागेवर जाऊन डोळे उघडे ठेवून बसला. अभ्रा त्याने धुऊनच आणला होता.